मोठा फिल्टर, छोटा फिल्टर की एका कपाचा मोका पॉट?

नांदेडात घरोघरी चहाच. आमच्याकडे कॉफी शिरली ती सासऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे. दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला, त्यामुळे तिकडच्या फेऱ्या नेहमीच्या, आणि येताना पिशवीत कॉफीची पूड ठरलेली. पितळी फिल्टरही तिकडचाच: वरच्या डब्यात पूड घालून गरम पाणी ओतायचं, खालच्या डब्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतो. सकाळी एकदा भरला की डिकॉक्शन दिवसभर ओट्यावर. दूध तापवायचं, ओतायचं, झालं. मी दिवसाला पाच कपांवर कधी गेले ते कळलंही नाही. कळलं ते रात्री दीड वाजेपर्यंत डोळा लागेना तेव्हा.

कॉफीतलं झोप उडवणारं कॅफिन शरीरातून अर्धं उतरायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं अर्धं रात्री अकरालाही अंगात असतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, गरोदर बाईने २०० च्या आत राहावं असं सांगतात. पण रोज मोजून कोण पितं? म्हणून मी भांडंच बदलायचं ठरवलं.

आधी वाटलं, आहे त्याच फिल्टरमध्ये पूड कमी घालू. तसं जमत नाही. रुंद भांड्यात पुडीचा थर पातळ बसतो, पाणी भराभरा खाली उतरतं आणि डिकॉक्शन पांचट होतं. मग कपात दुधापेक्षा तेच जास्त ओतलं जातं आणि मन भरत नाही म्हणून पुन्हा एक कप.

दोन कपांचा स्टीलचा छोटा फिल्टर घ्याल तर चव हुबेहूब तीच राहते. थर जाड बसतो, डिकॉक्शन थेंबाथेंबाने उतरतं. वीज नको, गॅसही फक्त पाणी उकळण्यापुरता. घरात दोघं पिणारे असतील आणि दोघांनाही कमी करायची असेल, तर मी डोळे झाकून हाच सांगेन. पण यात एक पळवाट आहे. त्याच पुडीवर दुपारी पुन्हा गरम पाणी ओतता येतं. मी महिनाभर तेच केलं. पाचाचे तीन झाले, त्याखाली आकडा येईना.

एका कपाच्या मोका पॉटने तो आणला. खालच्या भांड्यात जेमतेम ६० मिलिलिटर पाणी मावतं, वर चाळणीत पूड, आणि वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढतं. हा पॉट अर्धा भरून नीट चालत नाही आणि जास्त त्यात मावत नाही. मुख्य म्हणजे दुसरा कप हवा असेल तर तो थंड होऊ द्यायचा, उघडायचा, चोथा काढायचा, धुवायचा, पुन्हा भरायचा. दुपारी तीनला शाळेतून घामाघूम येऊन एवढा खटाटोप करावासा वाटत नाही, आणि तिथेच तो कप टळतो. माझ्या कामी आला तो हा कंटाळा.

अडचणी आहेत. त्याचं बूड इतकं लहान की आपल्या शेगडीच्या पायांवर टेकतच नाही, कलंडतं. मी पापड भाजायची जाळी ठेवते आणि त्यावर पॉट, बारीक आचेवर. अॅल्युमिनियमचा घेतलात तर इंडक्शनवर चालणार नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, आतून पांढरा थर चढतो. बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर तो साचू देऊ नका, वाफेचा दाब तिथूनच सुटायचा असतो. मी वॉटर प्युरिफायरचं पिण्याचं पाणीच वापरते.

फ्रेंच प्रेस, म्हणजे भिजवलेली पूड जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायचं भांडं, ३५० मिलिलिटरचा मिळतो. बिनदुधाची पिणाऱ्यांना ठीक, आपल्या दुधाच्या कॉफीला पातळ पडतो. इन्स्टंटची बरणी मात्र या कामाला नकोच, चमच्याला कुठलंच भांडं आवर घालत नाही.

पुडीकडेही बघा. पुडीत मिसळतात त्या चिकोरीत, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाच्या भुकटीत, कॅफिन नसतं. पाकिटावर कॉफी-चिकोरीचं प्रमाण ८०-२० ऐवजी ६०-४० असलेलं घेतलंत की त्याच कपात कॅफिन आपोआप घटतं आणि रंग, दाटपणा राहतो. छोट्या फिल्टरला ही जोड चांगली बसते. मोकात मी चिकोरी घालत नाही, चाळणी तुंबते.

एकदम पाचावरून एकावर मात्र येऊ नका. मी पहिल्यांदा तसं केलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही कानशिलं ठणकत वर्गात उभी राहिले. दर चार-पाच दिवसांनी एक कप कमी करा, संध्याकाळचा सगळ्यात आधी.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. "एवढ्याशा भांड्यात कुणाकुणाला पुरणार गं?" असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि ते खरंच होतं. आपल्याकडे दारात आलेल्याला सोडून एकट्यानं कप तोंडाला लावता येत नाही. म्हणून पितळी फिल्टर मोडीत घातला नाही, माळ्यावर ठेवलाय. चौघं आले की शिडी लावून काढते. रोज शिडी कोण लावणार? महिन्यातून दोन-तीनदाच तो खाली येतो. आता माझे दोन कप, सकाळी एक आणि दुपारी साडेबाराच्या आत एक, आणि साडेदहाला डोळे मिटतात.