मोठ्या शाळेची नर्सरी की गल्लीतली बालवाडी?

दिवाळीचा फराळ संपायच्या आत सोसायटीतले नवे आईबाबा गाठतात. "तुम्ही दोन्हीकडे घातलंत ना, मग सांगा की." घातलं खरं. थोरला हायवेपलीकडच्या मोठ्या इंग्रजी शाळेच्या नर्सरीत गेला आणि धाकटी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातच, चार गल्ल्या सोडून एका बंगल्याच्या तळमजल्यावर भरणाऱ्या मराठी बालवाडीत. फी, सीसीटीव्ही, स्मार्ट बोर्ड हे तुम्ही आधीच ताडून पाहिलं असेल, त्यात शिरत नाही.

मोठ्या शाळेला नावं ठेवायला फारशी जागा नाही. मैदान आहे, वर्ग स्वच्छ, बाई प्रेमळ. सगळ्यात मोठी सोय म्हणजे नर्सरीत एकदा शिरलं की दहावीपर्यंत पुन्हा कुठे रांगेत उभं राहावं लागत नाही. बसचा त्रास होता, म्हणजे इंदिरानगरच्या बोगद्यात बस अडकली की साडेतीन वर्षांचं पोर डुलक्या घेत घरी यायचं. पण त्याचीही सवय झाली, त्याला आणि आम्हालाही.

माझं बिनसलं ते शाळेच्या ॲपवरून.

रोज पावणेएकला फोन वाजायचा. आज पाल्याने काय केलं, काय खाल्लं, मूड कसा होता, खाली हसरा चेहरा. सुरुवातीला मी ते ऑफिसात लोकांना दाखवायचो. ऑगस्टमध्ये थोरला तापाने फणफणला. शाळेला रीतसर कळवलं होतं. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून, कपाळावर ओली पट्टी घेऊन तो पडलेला आणि पावणेएकला फोन वाजला: आज आपल्या पाल्याने 'रेड डे'मध्ये उत्साहाने भाग घेतला, डबा संपवला. हसरा चेहरा होताच.

दुसऱ्या दिवशी बाई ओशाळून म्हणाल्या, "सर, ते सगळ्या वर्गाला एकदमच जातं." खोटं कशाला बोलू, राग त्यांचा आलाच नाही. पस्तीस मुलं, एक बाई, एक मावशी. प्रत्येकाचं वेगळं लिहायला बसल्या तर शिकवणार कधी? पण त्या दिवसापासून आधीचे सगळे मेसेजही माझ्यासाठी बाद झाले. जूनमध्ये त्याने 'डबा संपवला' म्हणजे खरंच संपवला होता की तेही सगळ्या वर्गाला एकदमच गेलं होतं? एवढ्याशा गोष्टीवर शाळा तोलू नये, हे मान्य. बायकोही तेच म्हणाली. पण मला ते गिळता आलं नाही.

बालवाडीत ॲप नाही आणि फोटोही नाहीत. जळगावच्या आत्याची अजून तक्रार आहे की पोरीचा गॅदरिंगचा एक फोटो धड नाही. अठरा मुलं, दोन ताई, एक मावशी. धाकटी डिसेंबरची, त्यामुळे ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण हवीत या नियमात कशीबशी बसली. जूनमध्ये सतरंजीवर जाऊन बसली तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. पहिले आठ दिवस आजी व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायची. त्यावर कुणाचंही काही म्हणणं नव्हतं. थोरल्याच्या वेळी गेटवरच हात सोडवून घेतला होता.

एकदा दुपारी ताई तिचा हात धरून दारापर्यंत आल्या. "आज मणी डाव्या हाताने ओवत होती. उजव्या अंगठ्याला काही लागलंय का बघा." घरी उजेडात धरून पाहिलं तर अंगठ्यात बारीकसं कुसळ. सकाळी आंघोळ मीच घातली होती.

मणी, चिंचोके, शिंपले, रंगवलेले खडे हे तिथलं सगळं साहित्य. मला आधी वाटलं, परवडत नसेल बिचाऱ्यांना. आमची आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, तिने झापलंच. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला होत्या. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि परिसरात मिळेल ते साहित्य म्हणून वापरलं. अंगणवाडी हा शब्दही तिथलाच. "तुझ्या त्या स्मार्ट बोर्डाला हात तरी लावू देतात का पोरांना?" हा तिचा प्रश्न. मी विषय बदलला.

आता बालवाडीचं दुखणंही ऐका, नाहीतर मला शिव्या घालाल. वेळ नऊ ते बारा, बस नाही. एक ताई आजारी पडली की सकाळी आठला फोन येतो, "आज सुट्टी." बायको बँकेत, मी कंपनीत, आजी घरात नसती तर हा लेख मी उलटा लिहिला असता. घरी दुपारी कुणी नसेल तर पाळणाघर जोडलेली मोठी शाळाच बघा, त्यात कमीपणा काही नाही. दुसरं दुखणं पहिलीच्या प्रवेशाचं. मोठ्या शाळांच्या जागा नर्सरीतच भरतात, पहिलीला उरतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, पण आमच्या पोरीला तो मध्येच शाळा बदलून पार करावा लागणार आहे. सध्या फॉर्म भरतोय. इंग्रजी तिला फार येत नाही, हेही सांगून ठेवतो. एकाच आईबापाची दोन मुलंसुद्धा सारखी नसतात. थोरला आज त्या मोठ्या शाळेत मजेत आहे.

तरी बघायला जाल तेव्हा माहितीपत्रक नंतर घ्या. शाळा सुटायच्या वेळी दोन दिवस बाहेर नुसते उभे राहा. पोर हातात देताना बाई काही बोलतात का ते ऐका. "छान होता आज" नव्हे, त्या पोरालाच लागू पडेल असं काही.

थोरल्याच्या शाळेचं ॲप फोनमध्ये अजून आहे. फीच्या पावत्या त्यातच येतात, आणि त्या मात्र अगदी माझ्याच नावाने येतात.