विशेष वर्ग गावच्या शाळेत बरा, की शहरातली विशेष शाळा?

मागच्या आठवड्यात करवीर तालुक्यातल्या एका गावातून आई आणि आजी अशा दोघी भेटायला आल्या. मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अशा मुलांसाठी एक वेगळी खोली सुरू होतेय आणि नातेवाईक म्हणतायत, कोल्हापुरातल्या विशेष शाळेत घाला. आजी म्हणाल्या, "तुमीच काय ते एक सांगा मॅडम, आमी तसं करतो."

एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हे लिहायला घेतलं. पंधराएक वर्षं मी विशेष शिक्षिका म्हणून शाळाशाळांतून फिरतेय, दोन्हीकडचं बघितलंय.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ही निवड तुमची आहे, मुख्याध्यापकांची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढून घ्या, पण तो हातात येईपर्यंत पोराला घरी बसवू नका.

गावच्या शाळेची मोठी बाजू म्हणजे ती गावात असते. बोलायला साधं वाटतं, पण गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं की विशेष शाळेतल्या पोराची हजेरी संपली, आणि महिन्याभराने परत आल्यावर शौचाला सांगायची सवयसुद्धा पुन्हा पहिल्यापासून लावायची. गावात भावंडं त्याच शाळेत असतात, दुकानदार नावाने हाक मारतो. विशेष शाळेत शिकलेलं पोर पंधराव्या वर्षी गावात परत येतं तेव्हा त्याच्या वयाचं कुणी त्याला ओळखत नाही. हे नुकसान कुठल्या अहवालात येत नाही.

आता दुसरी बाजू. गावच्या शाळेत खोली मिळते, रंग लागतो, उद्घाटन होतं, फोटो येतो. शिक्षक मात्र फिरता असतो. त्याच्याकडे दहा-बारा शाळा, म्हणजे तुमच्या शाळेत आठवड्याला एखादा दिवस. बाकीचे दिवस ती खोली कोण चालवतं? एका शाळेत मी न कळवता गेले, तर विशेष वर्गाच्या खोलीत तांदळाची पोती रचलेली आणि तीन पोरं शेजारच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसलेली. प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केलंय. तेव्हा सरळ विचारा: शिक्षक आठवड्यातून किती दिवस येतो, आणि त्याची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का? 'दोन दिवस' हे उत्तर मिळालं तरी चालेल. 'येतो की अधूनमधून' असं म्हणाले, तर तो वर्ग कागदावर आहे असं धरून चाला.

विशेष शाळेत हा प्रश्न कमी येतो. शिक्षक रोजचा, मुलं थोडी, बऱ्याच ठिकाणी वाचा-उपचारही तिथेच. कोल्हापुरात शेंडा पार्कात गतिमंद मुलांसाठी चेतनासारखी जुनी संस्था आहे, तिथे प्रत्यक्ष जाऊन बघा. कर्णबधिर मुलाबाबत तर माझं मत अगदी ठाम आहे. घरात कुणाला खुणांची भाषा येत नसेल, तर लहानपणीची काही वर्षं विशेष शाळेतच द्या. चाळीस ऐकणाऱ्या पोरांत ते एकटं बसलं तर हसतमुख दिसतं, शिकत मात्र काहीच नाही. बौद्धिक अक्षमता तीव्र असेल तरी माझं उत्तर तेच. अध्ययन अक्षम (लिहिणं-वाचणं जड जाणाऱ्या) किंवा सौम्य गतिमंद मुलाला मात्र गाव सोडायला लावू नका. त्याला वेगळ्या खोलीचीही रोज गरज नसते. तास-दीड तास तिथे आणि उरलेला दिवस आपल्या वर्गात, एवढं पुरतं.

आणि एक किचकट बाब. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, गावची शाळा शिक्षण विभागाकडे. मध्येच शाळा बदलायची ठरली तर फाईल दोन दारं हिंडते, म्हणून बदल जूनमध्येच करा.

शाळा बघायला जाल तेव्हा पोषण आहाराच्या वेळी जा. मी स्वतः पहिल्यांदा तेच बघते. विशेष वर्गातल्या पोरांची ताटं त्यांच्या खोलीत नेऊन देतात, की ती सगळ्यांच्या पंगतीत बसतात? खिचडी सांडते, आवाज होतो, एखादं पोर कान झाकून घेतं, हे सगळं खरं आहे. तरी पंगतीत बसवणारी शाळा पुढचंही बरंच काही सांभाळून घेते. वेगळी ताटं लावणाऱ्या शाळेत त्या खोलीचं नाव सहा महिन्यांत 'येड्यांचा वर्ग' पडलेलं असतं, आणि ते पोरांनी ठेवलेलं नसतं.

त्या दोघींना मी गावच्या शाळेचं सुचवलं. मुलगा थोडं बोलतो, बहीण तिसरीत आहे, आणि विशेष शिक्षक आठवड्यातून तीन दिवस येणार असं मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीत लिहून दिलंय. दिवाळीपर्यंत ते तीन दिवस वहीत मांडून ठेवा म्हटलं. आईने लगेच पिशवीतून बहिणीची जुनी वही काढली, मागच्या पानावर रेघा मारायला लागली.