कुपवाडच्या बोअरचं पाणी: मीटर, किट की प्रयोगशाळा?

मेहुण्यानं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीला लागून घर घेतलं. नळाला पाणी येतं, पण उन्हाळ्यात सगळी भिस्त बोअरवर. आरओ विकणारा येऊन मीटर बुडवून गेला, "टीडीएस ३८०, काळजीचं आहे." मग ग्लासात दोन दांड्या सोडून वीज लावली, पाणी चहासारखं तपकिरी झालं आणि वहिनी घाबरल्या. तो गाळ दांडीच्याच लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. एवढीच ती जादू.

टीडीएस मीटर वाईट नाही, पण त्याला पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार तेवढे कळतात. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा ५०० आहे, शिशाची ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर. पाण्यात शिसं मर्यादेच्या पाचपट, म्हणजे ०.०५ असलं तरी मीटरवरचा ३८० हलणार नाही. उलट वाळवा-पलूसच्या क्षारपड पट्ट्यात आकडा हजारावर गेला, म्हणून त्यात विष आहे असंही नव्हे. आरओचा मेंब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, थकला का, हे पाहायला मीटर ठेवा.

ग्रामपंचायतीकडं जल जीवन मिशनचं पाणी तपासायचं किट असतं आणि ते वापरायला गावातल्या पाच बायकांना शिकवलेलं असतं. पीएच, कठीणपणा, क्लोराईड, लोह, फ्लोराईड, नायट्रेट त्यात कळतं, जंतूंसाठी वेगळी बाटली असते. उसाच्या रानातल्या विहिरीला हे उत्तम, कारण तिथं खतांमुळं आधी नायट्रेट बघायचं असतं (मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर). कारखान्याच्या सांडपाण्यातले क्रोमियम, निकेल मात्र त्यात सापडणार नाहीत.

म्हणजे उरली प्रयोगशाळा. सरकारी ठिकाणी शुल्क कमी, म्हणून सुरुवात तिथून करावी. पण बाटली देण्याआधी "जड धातू तपासता का?" हे विचारा. नेहमीची तपासणी रासायनिक म्हटली तरी बहुतेक वेळा क्षार आणि कठीणपणाचीच असते.

खाजगीत जायचं तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता बघा, आणि नुसता शिक्का नको. मान्यता एकेका घटकाला मिळते, तेव्हा तुमचा घटक त्यांच्या यादीत आहे का ते पाहा. 'संपूर्ण पॅकेज' घेऊ नका. शेजारी काय चालतं ते बघून यादी करा: प्लेटिंग (धातूचा मुलामा) असेल तर क्रोमियम, निकेल, कॅडमियम, सायनाईड, बॅटरीचं काम असेल तर शिसं, रंग-थिनर असेल तर उडून जाणारी सेंद्रिय रसायनं. बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या. धातूंच्या बाटलीत आम्ल घालावं लागतं, सायनाईडच्या बाटलीत कॉस्टिक सोडा, आणि उडणाऱ्या रसायनांना काचेची बाटली बुडबुडा न ठेवता भरून थंड ठेवावी लागते. विकतच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून नेलेला नमुना म्हणजे पैसे पाण्यात.

अहवालात फसायची जागा एकच, 'बीडीएल' (बिलो डिटेक्शन लिमिट). म्हणजे यंत्राला जेवढं कमीत कमी दिसतं त्याच्याही खाली. माझ्या एका जुन्या अहवालात शिशापुढं बीडीएल लिहिलं होतं आणि तळाशी बारीक अक्षरात यंत्राची मर्यादा ०.०५. म्हणजे जवळजवळ पाचपट शिसं असतं तरी 'काही नाही' असंच छापून आलं असतं! ही मर्यादा किती, हे फोनवरच विचारून घ्या.

२०१९च्या महापुरानंतर सांगलीकराच्या हाताला क्लोरीनची सवय लागली आहे. जंतूंना ते चालतं, धातूंना नाही. पाणी उकळलं तर वाफ जाते आणि धातू उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतात.

नुसतं पालिकेच्या नळाचं पाणी पीत असाल तर मी प्रयोगशाळेवर खर्च करणार नाही. शेतातल्या विहिरीला किट पुरे. औद्योगिक वसाहतीशेजारच्या बोअरला मात्र धातूंची यादी घेऊन प्रयोगशाळाच, एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा सरल्यावर. आरओचा निर्णय त्यानंतर.

मेहुण्यानं चार धातू आणि सायनाईड निवडलं. नमुना टाकीतून घेत होता, मी थांबवलं. पंप दहा मिनिटं सोडून थेट बोअरच्या तोंडाशी बाटली धरली.