नऊ महिने, अडीच गुंठे : तणनाशक, व्हिनेगर, मीठ आणि पाचट वापरून पाहिल्यानंतर

मिठापासून सुरुवात करते. गेल्या जूनपासून या फेब्रुवारीपर्यंत तणावर जे जे वापरून पाहिलं, त्यात मिठानं केलेलं नुकसान मी अजून निस्तरते आहे. कुणी अर्ध्यावर वाचणं सोडणार असेल तर एवढं वाचून सोडा : बागेत मीठ टाकू नका, सांगणारा कितीही खात्रीनं सांगो.

आमचं घर शिरोळ तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. प्लॉट चार गुंठ्यांचा, त्यात घर सोडून अडीच गुंठे उघडे. फाटकापासून दारापर्यंत पेव्हर ब्लॉक, पायरीपाशी शहाबादी फरशी. कंपाउंडच्या भिंतीकडेनं मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता. बाजूला आंबा, लिंबू, सीताफळ. मागे वांगी, मिरची, टोमॅटोचे चार वाफे आणि त्याही मागे एक कोपरा, ज्याला कित्येक वर्षं कुणी हात लावला नव्हता. जमीन काळी. पाऊस लागला की पाय रुततो, उघडीप पडली की भेगा पडतात. जूनच्या पहिल्या दोन पावसांत हरळी, लव्हाळा, केना, घोळ, दुधी आणि रस्त्याकडून आलेलं गाजरगवत असं सगळं एकदम उठलं. भांगलणीला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, बाई मिळणं आता सोपं नाही, आणि माझे गुडघे पूर्वीसारखे साथ देत नाहीत. म्हणून जागेचे पाच भाग पाडले, एकेका भागावर एकेक उपाय केला आणि तारखेनिशी वहीत लिहीत गेले.

व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड हे मिश्रण मोबाइलवर सगळीकडे सांगितलं जातं. स्वयंपाकघरातलंच आहे म्हणून मला ते सगळ्यात निर्धोक वाटलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भिंतीकडेच्या चाळीस फुटांच्या पट्ट्यात दोन किलो मीठ पाण्यात विरघळवून ओतलं. आठवड्यात सगळं तण करपलं. मी खूश होते. मग परतीच्या पावसाच्या दोन सरी आल्या आणि पाणी उतारानं कढीपत्त्याच्या आळ्यात गेलं. दिवाळीपर्यंत त्याच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच गळाल्या. थंडी सुरू झाल्यावर जमीन वाळली तसा तिच्यावर पांढुरका पापुद्रा आला.

सासरे, म्हणजे आमचे दादा, तेव्हा धाकट्या दिरांकडे होते. परत आल्यावर त्यांनी तो पापुद्रा नखानं खरवडला, जिभेवर ठेवला आणि थुंकले. म्हणाले, “ह्या रानातलं मीठ काढायला माझी बारा वर्षं गेली, आणि तू दुकानातनं आणून घातलंस व्हय?”

आमच्या भागाबाहेरच्यांना या वाक्याचं वजन कळावं म्हणून थोडं सांगते. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत क्षारपड जमिनीचा प्रश्न फार जुना आहे. उसाला पाणी अमाप दिलं, निचऱ्याची सोय नव्हती, त्यामुळे जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली. ते पाणी उन्हानं उडून जातं आणि त्यातले क्षार वरच्या थरात राहतात. दादांच्या एक एकरात ऊस यायचाच बंद झाला होता, नुसता लव्हाळा माजला होता. मग जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारं पाणी चरात काढलं, जिप्सम घातलं, धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून गाडलं, शेणखत ओढलं. तेव्हा कुठे ते रान हळूहळू सुधारलं. मिठातला सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतो, म्हणून ओली असताना तिची रबडी होते आणि वाळली की दगड. पाणी मुरत नाही, मुरलं तरी मुळांना ओढता येत नाही. औषधाच्या डब्यावर निदान धोक्याची खूण असते. मिठाच्या पुडीवर असं काही नसतं, आणि ते कुजतही नाही. पाण्यानं खाली उतरेपर्यंत ते तिथंच राहतं.

मी वरची दोन इंच माती खरवडून बाहेर काढली, जिप्सम आणि कंपोस्ट मिसळलं, गटारीकडे चर काढला आणि आळ्यांतून भरपूर पाणी सोडलं. जानेवारीच्या शेवटी कढीपत्त्याला नवी पालवी दिसली. मोगऱ्याचं अर्धं झुडूप वाळून गेलं.

नुसत्या व्हिनेगरचा अनुभव वेगळा आहे. किराणा दुकानात मिळतं ते चार-पाच टक्के आम्लाचं. ऑक्टोबरच्या कडक उन्हात सकाळी पेव्हरच्या फटींत फवारलं तर दोन-चार पानांवरची कोवळी रोपं संध्याकाळपर्यंत मान टाकतात आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतात. गाजरगवताची लहान रोपं, दुधी, माठ यांना चांगलं लागू पडलं. हरळी बाराव्या दिवशी पुन्हा हिरवी झाली, कारण ते फक्त पान जाळतं, मुळापर्यंत जात नाही. घोळीच्या जाड गुळगुळीत पानांवरून तर थेंब घरंगळत होते. भांड्याचं लिक्विड चमचाभर घातल्यावर थेंब पसरू लागले. त्या लिक्विडचा उपयोग तेवढाच, तणाला मारण्यात त्याचा वाटा नाही. आणि एक नुकसान झालं : पायरीपाशी फवारा उडाला तिथं शहाबादी फरशीवर पांढरट डाग पडले. शहाबादी म्हणजे चुनखडीच, आम्लानं ती खाल्ली जाते. ते डाग घासून जात नाहीत. खर्चाचं म्हणाल तर फटींपुरतं ठीक, अडीच गुंठ्यांना परवडणार नाही.

फटींसाठी मला त्याहून उकळतं पाणी आवडलं. बंबातलं पाणी पुरत नाही, खळखळ उकळलेलंच हवं आणि तोटीच्या किटलीतून बेतानं ओतायला हवं. दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा ओतल्यावर हरळीसुद्धा बरीच दमली. घरात लहान मुलं असतील तर त्या वेळी त्यांना आत ठेवा.

आता तणनाशकाचं. मागच्या कोपऱ्यात हरळी आणि लव्हाळा इतका दाट होता की खुरपं आत शिरत नव्हतं, म्हणून तिथं ग्लायफोसेट मारून घ्यायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांमार्फतच करायचा असं बंधन घातलं, त्यामुळे स्वतः पंप पाठीवर न घेता परवानाधारक माणसाला बोलावलं. दुकानात एकानं “झटपट रिझल्ट”साठी पॅराक्वाट सुचवलं होतं. ते मी ठामपणे नाकारलं. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. ज्या घरात पोरं फिरतात, जिथं कुणाच्याही डोक्यात एखाद्या दिवशी वाईट विचार येऊ शकतो, तिथं तो डबा आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलैतली पहिली फवारणी वाया गेली. दोन तासांत पाऊस आला. फवारल्यावर निदान सहा तास उघडीप लागते. दुसरी ऑगस्टच्या मध्याला झाली. तो माणूस हाफ शर्टवर आला होता. मी त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि चष्मा दिला, मगच पंप भरू दिला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. ती कीटकनाशकं होती, पण फवारा अंगावर घेणारा माणूस तोच असतो. पंपात पाटाचं गढूळ पाणीही घालू दिलं नाही. ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटतं, गढूळ पाण्यात त्याची ताकद पंपातच जाते. फवारा इकडेतिकडे उडू नये म्हणून नोझलला हूड, म्हणजे टोपी, लावायला सांगितला आणि वारा पडलेला असताना, सकाळी, लिटरला दहा मिलीनं फवारणी झाली.

पहिले सात दिवस काहीच झालं नाही. मग पिवळं पडायला लागलं आणि तिसऱ्या आठवड्यात कोपरा तपकिरी झाला. हे औषध पानातून मुळापर्यंत उतरतं आणि वनस्पतीला लागणारी काही अमिनो आम्लं बनवायची वाट बंद करतं, म्हणून वेळ लागतो. हरळी बहुतेक मेली आणि हे मान्य करायला हवं की दुसऱ्या कशानं ती मेली नसती. लव्हाळा मात्र पाच-सहा आठवड्यांनी गाठींतून पुन्हा फुटला. आणि उघड्या पडलेल्या जागेत केना पसरला, कारण केन्यावर ग्लायफोसेटचा असर मुळात कमी. त्याच्या जोडीला गाजरगवत बियांतून नव्यानं उगवलं, कारण मातीत पडलेल्या बीला हे औषध काही करत नाही. एका गाजरगवताच्या झाडाला हजारोंनी बी धरतं. जुन्या तणाची सावली गेली आणि त्या बियांना मोकळं रान मिळालं.

पण या औषधाबद्दलचं माझं मत ठरलं ते चौथ्या दिवशी. आमच्याकडे अधूनमधून भांगलणीला येणाऱ्या मावशी त्या कोपऱ्यात वाकून तांदुळजा खुडत होत्या. त्या नेहमीच आमच्या परसातून तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू घेऊन जातात. पदरात जुडीभर जमलं होतं. फवारलेली भाजी चौथ्या दिवशीही हिरवीगार, टवटवीत होती. मी ओरडतच धावले. त्यांना सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी माफी मागितली, त्यांचे हात साबणानं धुवायला लावले, ती जुडी पुरून टाकली. मावशी म्हणाल्या, “वहिनी, अहो, दोरी तरी बांधायची नव्हं.” आता जिथं असं काही मारलं जातं तिथं दोरी आणि लाल फडकं बांधते, पण खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर पुन्हा मारून घेतलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये ग्लायफोसेटला माणसांत बहुधा कर्करोगकारक असलेल्यांच्या गटात घातलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं मत तसं नाही. शास्त्रज्ञांचा निकाल काही लागो, ज्या जागेतलं कुणाच्या तरी ताटात जातं तिथं मी ते येऊ देणार नाही. मजूर मिळत नाहीत म्हणून एकरानं तणनाशक मारणाऱ्या शेतकऱ्याला मी नावं ठेवत नाही. त्याची अडचण अडीच गुंठेवाल्यांनी तोलू नये.

पंपाबद्दल एक इशारा. सप्टेंबरात टोमॅटोवर निंबोळी अर्क मारायला शेजारून पंप आणला. आठ दिवसांत टोमॅटोचे शेंडे दोरीसारखे पिळले, पानं अरुंद होऊन मुडपली. मला आधी व्हायरस वाटला. चौकशी केल्यावर कळलं की त्या पंपानं उसातल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलेलं होतं आणि पंप नुसत्या पाण्यानं विसळला होता. टोमॅटो, कपाशी, द्राक्ष, भेंडी यांना त्याचा अंशही सोसत नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. उसना तर घेऊच नका.

सगळ्यात चांगलं काम झालं ते फळझाडांखाली, आणि तिथं विकत काही आणलं नाही. आधी तण कापलं, पुठ्ठ्याची खोकी उलगडून ओली करून अंथरली, कडा एकमेकींवर चढवल्या आणि वर अर्धा फूट उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला. आमच्याकडे लोक अजूनही पाचट पेटवतात. बैलगाडीभर पाचट शेजारच्यांनी आनंदानं दिलं. दाबून ते तीन इंच झालं. नऊ महिन्यांत तिथं दोनदाच खुरपं घेऊन गेले. आंब्याखालची माती आता हातानं उकरता येते, गांडुळं आहेत, पाणीही कमी लागतं. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते आणि वाळवी लागते. पाचटात हात घालण्याआधी काठीनं हलवून घ्या, आत साप-विंचू असू शकतात. लव्हाळ्याचा टोकदार कोंब मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यातून वर येतो, प्लास्टिकसुद्धा भोसकतो.

वाफ्यांत खुरप्याशिवाय दुसरं काही नाही, आणि खुरप्यात सगळं वाफशावर आहे. पावसानंतर माती हाताला चिकटत नाही पण मऊ असते, त्या दोन दिवसांत गाजरगवत मुळासकट अलगद येतं. तिसऱ्या दिवशी तेच झाड जमिनीलगत तुटतं. वाफसा बघून, फुलं यायच्या आधी, आठवड्याला अर्धा तास दिला तर वाफे स्वच्छ राहतात. जुलैत याच वाफ्यांना दीड दिवस लागला होता, कारण मी तीन आठवडे टाळलं होतं. गाजरगवत उपटताना हातमोजे घालाच, अंगाला खाज सुटून फोड येतात. लव्हाळा खुरपला की दुपटीनं येतो. खाली गाठींची माळ असते, तुटलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. गाठ मोडली की उटण्यातल्या नागरमोथ्याचा वास येतो, कारण नागरमोथा म्हणजे याच गाठी.

एप्रिलमध्ये मागचा कोपरा भिजवून त्यावर पंचवीस मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक कडा मातीत दाबून सहा आठवडे ताणणार आहे. आमच्याकडच्या उन्हात वरच्या थरातलं बी त्यानं मरेल. खोल गाठींवर त्याचा भरवसा नाही, म्हणून आधी कुदळीनं खणून त्या वर काढून उन्हात टाकायला सुरुवात केली आहे. दादा खुर्ची टाकून बसतात आणि मातीतून गाठी वेचून देतात. कालपर्यंत दोन पाट्या निघाल्या.