किलोनोव्हातल्या वर्णरेषा: सोबोलेव्ह, प्रसरण-ओपॅसिटी की रेषा पूर्ण सोडवायची?

दोन न्यूट्रॉन तारे आदळले की होणाऱ्या स्फोटात, म्हणजे किलोनोव्हात, उडालेला वायू प्रकाशवेगाच्या दहा-वीस टक्के वेगाने फुगत जातो. त्यात निओडिमियमसारखी जड मूलद्रव्यं असतात आणि त्यांच्या वर्णरेषा (ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश अडवणाऱ्या रेषा) लाखोंच्या घरात. यातून प्रकाश बाहेर कसा पडतो हे गणकावर मांडायला घेतलंत, की पहिला प्रश्न या रेषा कशा हाताळायच्या हाच येतो. त्याचे तीन मार्ग आहेत.

लेनिनग्राडच्या व्हिक्टर सोबोलेव्ह यांनी १९४०च्या दशकात दिलेली युक्ती मला आजही सुंदर वाटते. वायू फुगत असल्यामुळे पुढे निघालेल्या फोटॉनची तरंगलांबी भोवतालच्या वायूच्या दृष्टीने सतत लाल बाजूला सरकते. वाटेत एकेक रेषा येते, क्षणभर जुळते आणि मागे पडते. ५००० केल्विनला निओडिमियमच्या अणूचा उष्णतेमुळचा वेग सेकंदाला जेमतेम पाऊण किलोमीटर, तर फुगण्याचा तीस हजारांच्या आसपास. म्हणून ही जुळणी एका बिंदूवरच झाली असं धरता येतं. रेषेची सगळी करामत मग एका आकड्यात मावते: खालच्या पातळीवरच्या अणूंची घनता, रेषेची ताकद, तरंगलांबी आणि स्फोटानंतरचा काळ यांच्या गुणाकारात. ‘टार्डिस’ हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम याच तत्त्वावर चालतो. शिकायला तो उत्तम, पण तो एका वेळी एकाच क्षणाचं चित्र देतो.

प्रसरण-ओपॅसिटी (कार्प आणि सहकारी, १९७७), म्हणजे फुगणारा वायू प्रकाशाला किती अडवतो याचं माप, याच आकड्यावर उभी आहे. फक्त रेषा सुट्या न ठेवता तरंगलांबीच्या पेट्यांत भरायच्या आणि पेटीगणिक सरासरी अडथळा काढायचा. रेषा कितीही बळकट असली तरी फोटॉनला ती एकदाच अडवते, हे या सूत्रात सांभाळलेलं असतं. काही जण ताकदींची सरळ बेरीज करतात. तिथे हे बंधन नसतं आणि ओपॅसिटी जास्त निघते. दोन संशोधक गटांचे आलेख शेजारी ठेवण्याआधी हे जरूर तपासा. प्रकाशवक्रासाठी (काळानुसार तेज कसं बदलतं त्याच्या आलेखासाठी) पेट्या पुरतात, पण शोषलेला फोटॉन पुढे कोणत्या रंगात बाहेर येतो हा तपशील बहुतेकदा ‘उष्ण वायूसारखा’ म्हणून गुंडाळला जातो. रंगांवरून निष्कर्ष काढणार असाल तर तेवढी उणीव महाग पडते.

तिसरा मार्ग म्हणजे वायूबरोबर सरकणाऱ्या चौकटीत प्रत्येक रेषा रुंदीसकट सोडवणं सर्वांत काटेकोर. ५००० अँगस्ट्रॉमपाशी (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) ती रुंदी अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या भागाएवढी, तेव्हा गणनेचा खर्च समजून घ्या. रेषा एकमेकींवर चढण्याइतक्या दाट असतील, किंवा तप्त ताऱ्याच्या वाऱ्याच्या तळाशी असतो तसा वेग ध्वनीच्या वेगाजवळ असेल, तर मात्र सोबोलेव्हची गृहीतकंच मोडतात आणि दुसरा मार्ग उरत नाही.

निर्णय करताना मी पद्धतीआधी अणूंची माहिती बघेन. रेषांच्या नुसत्या गणितातून काढलेल्या याद्यांत तरंगलांब्या चुकलेल्या असतात. पेटीत ती चूक बरीचशी जिरते, सुट्या रेषेत मात्र ती सरळ खोटं मूलद्रव्य दाखवते. २०१७च्या किलोनोव्हात स्ट्रॉन्शियम ओळखता आलं (२०१९), कारण एक मायक्रॉनजवळच्या त्याच्या तीन रेषा प्रयोगशाळेत नेमक्या मोजलेल्या होत्या. अशा मोजलेल्या रेषा हाती असतील तर सोबोलेव्ह घ्या. नुसती गणिती यादी असेल तर पेट्या वापरा आणि वर्णपटातल्या एकेका खाचेला नाव देऊ नका.