डनलॉप जॅझ थ्री पिक: घेतलं स्पीडसाठी, कामाला आलं भलतीकडेच

गिटारच्या तारा छेडायचं हे पिक, म्हणजे छोटी तिकोनी पट्टी, तीनेक महिने रोज वापरून झालंय म्हणून लिहितोय. लाल रंगाचं नायलॉनचं जॅझ थ्री, जाडी १.३८ एमएम, सहाचं पाकीट घेतलं होतं. हातात घेतल्यावर पहिला विचार आला की एवढुसं? नेहमीच्या पिकपेक्षा बरंच लहान आहे, बोटांच्या चिमटीत जेमतेम टोक बाहेर राहतं. मी ते घेतलं कारण सगळे म्हणतात याने स्पीड वाढतो. माझा तरी वाढला नाही, जेवढा होता तेवढाच आहे.

पण त्याच सुमारास मी स्टकाटोचा रियाज सुरू केला होता, म्हणजे प्रत्येक नोट वाजवून लगेच तोडायची, आणि तिथे या पिकने खरंच फरक पडला. आधी माझ्याकडे ०.६० एमएमचं नारिंगी टॉर्टेक्स नावाचं पातळ पिक होतं, स्ट्रमिंगला (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायला) एकदम मस्त, पण वाजत्या तारेवर परत टेकवलं की पातळ टोक थरथरतं आणि 'झर्र' असा बारीक आवाज येतो. जाड पिक वाकत नाही त्यामुळे तार गप्प बसते. तबलावाल्यांना हे सांगायलाच नको, 'ना' वाजवला की बोट लगेच उचलायचं आणि 'ते' वाजवला की तिथेच ठेवायचं, तसंच काहीसं.

मी करतो ते असं. तिसरी तार, पाच ते आठ फ्रेट (दांड्यावरची घरं), चार बोटं, मेट्रोनोम म्हणजे ताल देणारं यंत्र मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक नोट. डाऊनस्ट्रोक (वरून खाली फटका) मारला की पुढच्या अर्ध्या मात्रेवर पिक तारेच्या खालच्या बाजूने टेकवायचं, नोट तिथे तुटते आणि पिक अपस्ट्रोकसाठी आपोआप तयार असतं. मधल्या शांततेत डावं बोट बदलायचं. ऐकायला लहान मुलांचा खेळ वाटतो ना, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका मग कळेल. माझी अनामिकेवरून करंगळीवर जाताना पंचाईत व्हायची, पिक आधी पोचायचं आणि करंगळी मागून धावत यायची, म्हणून नोटच्या जागी 'ठप्' एवढंच. १२० ला सलग वाजवताना हे गेली दोन वर्षं झाकलं गेलं होतं, वरून डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावलं की मग तर काय, सगळंच छान वाटतं. क्लीन टोनवर, म्हणजे इफेक्टशिवाय, हेडफोन लावून ऐकलं तेव्हा अक्षरशः लाज वाटली.

एक गोष्ट आधी कोणीच सांगितली नव्हती, तार बदलताना ही युक्ती चालत नाही, कारण पिक पुढच्या तारेवर गेलेलं असतं आणि मागची बोंबलत राहते. तिथे डाव्या हाताने दाब सैल करावा लागतो, बोट तारेवरच ठेवून. पूर्ण उचललं तर मोकळी तार वाजते. आणि पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर एकच बोट हलकं टेकवलं की हार्मोनिक (बारीक उंच सूर) चिवचिवतो, अँपचा गेन जास्त असेल तर फारच, म्हणून शेजारचं एखादं बोटही आडवं टाकायचं. मला हे कळायला आठवडा गेला, मी उगाच अँपला शिव्या घालत होतो.

आता पिकबद्दल राहिलेलं. कॉर्ड झोडायला हे घेऊ नका, लहान असल्यामुळे बोटंच तारांवर घासतात. पुण्यात मे महिन्यात माझ्या बोटांना जो घाम येतो त्यापुढे पिकवरची उठावाची अक्षरंसुद्धा पुरत नाहीत, ज्यांचा हात असा आहे त्यांनी मॅक्स ग्रिपवालं बघावं, त्याला खरखरीत पकड असते. किंमत म्हणाल तर गिटारच्या बाकी खर्चापुढे काहीच नाही.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला कारण सहातली चार तर मीच हरवली, एवढी चिमुकली वस्तू गादीखाली गेली की गेलीच, आणि एक आमच्या हिने केराबरोबर टाकलं असा मला दाट संशय आहे. सध्या करंगळी ७२ ला वेळेवर येतेय, ७६ ला अजून नाही.