रोमा समाजासाठीचा युरोपीय निधी: अर्जदाराच्या बाजूने परीक्षण

युरोपियन युनियनमध्ये साधारण ६० लाख रोमा राहतात; पूर्वी 'जिप्सी' म्हटला जाणारा हा तिथला अल्पसंख्याक समाज. युनियनच्या २०२० साली आलेल्या दहा वर्षांच्या रोमा आराखड्यात समता, समावेश आणि सहभाग ही तीन उद्दिष्टे एकाच पंक्तीत मांडली आहेत. त्यासाठी संस्थांना पैसा मुख्यतः दोन ठिकाणांहून मिळतो. पहिले ठिकाण म्हणजे युरोपीय आयोगाचा 'नागरिक, समता, हक्क आणि मूल्ये' कार्यक्रम (सीईआरव्ही). दुसरे म्हणजे सदस्य देशांमार्फत वाटला जाणारा 'युरोपीय सामाजिक निधी प्लस'. आमचे मत आधीच सांगतो: समता आणि समावेशाच्या कामाला दोन्ही निधी उपयोगी आहेत, पण सहभागाच्या बाबतीत दोन्ही कमी पडतात. कारण अर्जाची घडणच अशी आहे की रोमांनी स्वतः चालवलेली छोटी संस्था दाराशीच अडते.

सीईआरव्हीची २०२१ ते २०२७ ची एकूण तरतूद सुमारे १.५५ अब्ज युरो आहे. रोमाविरोधी द्वेष आणि भेदभाव यांवरच्या कामाला त्यातला छोटा वाटा येतो. अर्ज पूर्ण ऑनलाइन. आधी ईयू लॉगिन (युनियनच्या संकेतस्थळांवरचे खाते) काढायचे, मग संस्थेची नोंदणी करून नऊ अंकी पीआयसी, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, घ्यायचा. क्रमांक लगेच मिळतो. घटना, नोंदणी आणि बँकेची कागदपत्रे निवड झाल्यावर तपासली जातात आणि खरा वेळ तिथे जातो. पदाधिकारी बदलले असतील आणि तो फेरफार सरकारदरबारी नोंदवलेला नसेल, तर करार अडकतो. ते काम अर्जाआधीच उरकावे.

प्रकल्पाचे वर्णन ४५ पानांत बसवायचे असते. त्यापुढची पाने परीक्षक वाचत नाहीत. १०० पैकी ४० गुण प्रकल्प किती समर्पक आहे याला असतात; गरज किती नेमकी मांडली आहे हे त्यातच पाहिले जाते, आणि आमच्या मते अर्ज इथेच घसरतात. 'रोमा समाज मागासलेला आहे' अशा वाक्याला गुण मिळत नाहीत. युरोपीय मूलभूत हक्क संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत ८० टक्के रोमा दारिद्र्याच्या छायेत आढळले. निम्म्याहून अधिक रोमा मुले अशा शाळांत जात होती, जिथे सगळे किंवा बहुतेक विद्यार्थी रोमाच होते. असा आकडा घ्यावा, त्याखाली आपल्या गावातली शाळा आणि वर्गांची विभागणी दाखवावी, मग उपाय लिहावा. देशोदेशीच्या नागरी संघटनांनी लिहिलेले 'रोमा सिव्हिल मॉनिटर'चे अहवालही हाताशी असावेत. सरकारी अहवाल जिथे गप्प बसतो, तिथे ते बोलतात.

आता पैशाचे गणित. युनियन खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत देते. १ लाख युरोच्या प्रकल्पात ९०,००० अनुदान आणि १०,००० स्वतःचे. अनुदानाचा ८० टक्के आगाऊ हप्ता धरला तर हाती ७२,००० येतात. उरलेले १८,००० अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर. म्हणजे संस्थेला एकूण २८,००० युरो स्वतः उभे करून काम पुरे करावे लागते. ज्या संस्थेकडे राखीव निधी नाही, ती मोठ्या संस्थेची सहअर्जदार होते आणि निर्णय मोठ्या संस्थेकडे जातात. आमच्या मते या योजनेचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

सीईआरव्हीच्या ठोक रकमेच्या पद्धतीत, म्हणजे रक्कम आधीच ठरवून दिली जाते तिथे, बिले दाखवावी लागत नाहीत, पण प्रत्येक वर्क पॅकेज (प्रकल्पातल्या कामाचा एक स्वतंत्र गट) पूर्ण झाल्यावरच त्याची पूर्ण रक्कम मिळते. शाळा-मध्यस्थांचे (शाळा आणि रोमा कुटुंबे यांच्यातला दुवा असलेल्या माणसांचे) प्रशिक्षण आणि नगरपालिकेशी होणाऱ्या बैठका एकाच पॅकेजमध्ये घातल्या आणि निवडणुकीमुळे बैठका लांबल्या, तर झालेल्या प्रशिक्षणाचे पैसेही धोक्यात येतात. जे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे ते वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवावे. बैठकीला येणाऱ्या रोमा प्रतिनिधींचा प्रवासखर्च, दुभाषा आणि मुलांना सांभाळण्याची सोय अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावी, आणि प्रवासाचे पैसे आधी द्यावेत. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला परताव्यासाठी तीन महिने थांबवणे अन्याय आहे. निकालाला अर्जाच्या मुदतीनंतर सहा महिने आणि करार होईपर्यंत आणखी तीन महिने धरून चालावे.

सामाजिक निधी प्लसचा आवाका याहून कितीतरी मोठा. त्याच्या नियमावलीत 'रोमांसारख्या उपेक्षित समुदायांचे सामाजिक-आर्थिक एकीकरण' हे स्वतंत्र उद्दिष्ट आहे. अर्ज देशाच्या भाषेत, देशाच्या यंत्रणेकडे. छोट्या प्रकल्पांना इथे एक चांगली सवलत आहे: थेट कर्मचारी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम बाकीच्या सगळ्या खर्चासाठी सरसकट धरता येते. पगार ५०,००० युरो असतील तर २०,००० पर्यंत बिलांशिवाय. आरोग्य-मध्यस्थ, रोजगार-सल्लागार अशा माणसांवर उभ्या असलेल्या कामाला हे उत्तम. स्पेनमध्ये २००० सालापासून चालणारा 'अक्सेदेर' हा रोजगार कार्यक्रम याच निधीच्या आधारावर टिकला. नळजोडणी किंवा घरदुरुस्तीसाठी मात्र युनियनच्याच प्रादेशिक विकास निधीकडे जावे लागते. तोल जातो तो मोजदादीत: सहभागींच्या नोंदीत रोमा इतर अल्पसंख्याकांबरोबर एकाच रकान्यात येतात, त्यामुळे पैसा रोमांपर्यंत किती पोहोचला हे त्या आकड्यावरून कळत नाही. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१६ मध्येच विश्वासार्ह माहितीच्या अभावावर बोट ठेवले होते.

सामाजिक निधी प्लसमधली सर्वांत मोलाची तरतूद मात्र फार थोड्या संस्था वापरतात. वर सांगितलेल्या एकीकरणाच्या उद्दिष्टाचा पैसा मिळवायचा तर देशाकडे राष्ट्रीय रोमा धोरण असावे लागते, आणि त्यात विभक्त वस्त्या व शाळा टाळण्याचे उपाय, देखरेख, तसेच रोमा नागरी संघटनांशी जवळून सहकार्य करण्याची व्यवस्था असावी लागते. ही अट पुरी नसेल तर आयोग त्या उद्दिष्टाखालच्या खर्चाचा परतावा रोखतो. प्रत्येक कार्यक्रमाला देखरेख समिती असते आणि निवडीचे निकष तिथे मंजूर होतात. तिथे जागा मागावी, ती मिळाली की निकष मंजूर होण्याआधी मसुदा लेखी मागवावा आणि हरकत इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. तोंडी हरकतीचा पुढे उपयोग होत नाही.

सल्लागार मंडळ कसे असावे याचा नमुना स्पेनमध्ये सापडतो. २००५ साली स्थापन झालेल्या तिथल्या राज्य रोमा परिषदेत प्रशासनाचे २० आणि रोमा संघटनांचे २० सदस्य असतात. अधिकार सल्ल्यापुरतेच आहेत, पण संख्या बरोबरीची आहे. इतर देशांतल्या राष्ट्रीय रोमा व्यासपीठांनी (सरकार आणि रोमा संघटना यांच्या चर्चेच्या मंचांनी) निदान एवढे तरी उचलावे. ही व्यासपीठे चालवण्यासाठी राष्ट्रीय रोमा संपर्क केंद्रांना (रोमा धोरण सांभाळणाऱ्या त्या त्या देशाच्या सरकारी कार्यालयांना) सीईआरव्हीतून वेगळे अनुदान मागता येते.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या छोट्या संस्थेने मुख्य अर्जदार होण्याची घाई करू नये. युनियनच्या पैशातून पुढे छोटी अनुदाने वाटणाऱ्या मध्यस्थ संस्था आहेत. त्यांच्याकडे कागद कमी, रक्कम छोटी आणि हिशेबाची सवयही लागते. सहअर्जदार व्हायचेच असेल तर अर्ज भरण्याआधी लेखी करार करावा: आपल्या वाट्याचे काम, रक्कम, आगाऊ हप्त्यातला हिस्सा किती दिवसांत मिळणार, आणि धोरणविषयक बैठकीत प्रकल्पाच्या वतीने कोण बोलणार.